तांबड्या सायकलीचे दात

बिश्केक, ८ जून

ती. जुमादिल मामांस,
चोलपोनचे शि. सा. न. वि. वि.

तुम्ही सगळे कुरणावर गेलात की देवाला एखादे वेळी फोन लागेल, तुम्हाला लागत नाही. म्हणून हे पत्र मेदेरच्या दुधाच्या ट्रकवर घालते आहे. तो पत्रं उघडून वाचतो हे मला ठाऊक आहे. वाच बाबा, पण त्यावर घोडीच्या आंबवलेल्या दुधाचं किमिझ सांडू नकोस.

कारण असं की, चोवीस ऑगस्टला तळ्याकाठच्या रस्त्यावर सायकलींची शर्यत आहे, ऐंशी किलोमीटरची. बायकांत पहिल्या तिघींना इथल्या क्रीडाशाळेत प्रशिक्षक होण्यासाठी फुकट जागा मिळते, वसतिगृहासकट. तीन वर्षं मी बेकरीच्या सायकलवर पाव पोचवते आहे. त्या सायकलचं वजन माझ्याहून जास्त, तरी चढावर मी टॅक्सीवाल्यांना मागे टाकते आणि ते खिडकीतून शिव्या देतात. पण शर्यतीला बाकदार हँडलची, हलकी, रस्त्यावरची सायकलच लागते, आणि ती स्वतःची. पावाची चालत नाही, मी विचारून आले.

नाही जमलं तर सप्टेंबरात नारिनला परत, आईच्या दुकानात. तिने माझ्यासाठी नवा तराजू आणून ठेवला आहे. त्यावर फडकं घातलं आहे आणि रोज ते झटकते, असं शेजारीण सांगत होती.

माझ्यापाशी अडतीस हजार सोम आहेत. मामा, मी पैसे मागत नाही. मला तुमचे डोळे हवे आहेत. तुम्ही पाहिल्याशिवाय अख्ख्या खोऱ्यात कोणी घोडा घेत नाही. मला सायकल चालवता येते, पारखता येत नाही. पहिलीच आहे, चुकली तर दुसरी घ्यायला काही उरणार नाही.

मामींना नमस्कार. लोभ आहे तो आहेच, उत्तर मात्र लवकर असावे.

तुमची भाची,
चोलपोन

---

कोक-साय कुरण, १४ जून

चि. चोलपोन हिस,
जुमादिल मामाचे अ. उ. आ.

तुझं पत्र आलं. वरचं ‘मामांस’ एवढंच वाचून मी खाली ठेवलं आणि आधी माझ्या तोरू घोड्याला शेजारच्या दरीत पाठवून दिला. मग चहा घेतला. मग पुढचं वाचलं.

राग मानू नकोस. बहिणीच्या लेकराने आयुष्यात एकदा मामापाशी काय हवं ते मागावं आणि मामाने नाही म्हणू नये, हा नियम ज्याने काढला त्याला एकही बहीण नसणार. मला चार आहेत. माझा थोरला भाऊ सात घोड्यांचा धनी होता, भाचरं मोठी झाली आणि आता तो बस चालवतो. तेव्हा तुझ्या माहितीसाठी लिहितो की तोरू डाव्या पायाने लंगडतो, उजव्या डोळ्याने आंधळा आहे आणि चावतो. मागच्या वर्षी शर्यतीत पहिला आला तो बाकीचे वाट चुकले म्हणून.

तुझ्या मामीने उरलेलं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं, तेव्हा कळलं की तुला घोडा नकोच आहे. मन हलकं झालं. जरा वाईटही वाटलं.

सायकल हे माझ्या मते जनावर नव्हे. जे उभं राहायला भिंत मागतं, त्यावर पोरीने बसू नये. पण पळतं म्हणतेस, आणि पळणाऱ्या गोष्टीबद्दल मत न देणं मला आजवर जमलेलं नाही. तू बाजारात कोणत्या कोणत्या पाहिल्यास ते लिही. रंग, उंची, पाय, दात आणि मालक. मालक विसरू नकोस.

आशीर्वाद आहेतच, ते मागावे लागत नाहीत. बाकीचं मागताना विचार करावा.

जुमादिल मामा

ता. क. (मेदेरकडून) : तोरू लंगडत नाही. दरीत मीच सोडून आलो. मला चावला मात्र खरा.

---

बिश्केक, २१ जून

ती. मामांस, शि. सा. न. वि. वि.

तीन पाहिल्या. जशा दिसल्या तशा लिहिते.

पहिली निळी, पोलादी, सोव्हिएत काळातली. मालक निवृत्त पोस्टमन, पंधरा हजार म्हणतात. मजबूत आहे, पण इतकी उंच की मी पायरीवरून चढले आणि उतरायला त्यांच्या जावयाला बोलवावं लागलं.

दुसरी काळी, कार्बनची. मामा, काय सांगू! एका बोटाने उचलते. अंगावर एक ओरखडा नाही, आरशासारखी चकाकते. मालक ओश बाजाराजवळचा एक तरुण आहे, पुढचा दात सोन्याचा. त्याने मला आधी माझ्यापाशी किती आहेत ते विचारलं, मी अडतीस सांगितले, तर काय योग, सायकलची किंमतही नेमकी तेवढीच निघाली.

तिसरी तांबडी, ॲल्युमिनियमची, खरचटलेली, सीटला दोऱ्याने शिवण घातलेली. मालक गेन्नादी पेत्रोविच म्हणून जुने प्रशिक्षक, गॅरेजमध्ये सायकली विकतात. विकतात म्हणजे काय, विकू नयेत म्हणून बसलेले असतात. माझी उंची विचारली, गुडघे पाहिले, बूट पुसायला लावले, आणि एवढं करून एक्केचाळीस हजार म्हणाले. माझ्यापाशी तेवढे नाहीत हे सांगितल्यावर त्यांना जरा बरंच वाटलं.

तिन्हींच्या पुढच्या मोठ्या चक्राला दाते आहेत, साखळी त्यांवर बसते. निळीचे बावन्न, बाकी दोघींचे पन्नास.

माझं मन काळीवर आहे. पण तुमच्या शब्दाबाहेर जाणार नाही. तुमच्या होकाराची वाट पाहणारी,

चोलपोन

---

कोक-साय, २८ जून

चि. चोलपोन हिस, अ. उ. आ.

पन्नास दात! घोड्याला चाळीस असतात, तेही घोडीला नव्हे. तुझं पत्र मी इथे पाच जणांना वाचून दाखवलं, त्यातला म्हातारा साबिर उठून निघून गेला. म्हणाला, एवढ्या दातांच्या वस्तूवर बसायचं तर तिच्या तोंडापासून लांब बसायला सांग पोरीला.

आता नीट वाच. काळी तुला आवडली आहे, म्हणजे तुला जे आवडावं असं कोणीतरी ठरवलं होतं तेच तुला आवडलं. ज्याचं अंग फार चकाकतं त्याला सकाळी तेल कोणी लावलं हे आधी विचारावं.

दात मोजू नकोस, झिजले किती ते बघ. टोकं जाड आणि सरळ असतील तर जनावर तरुण. पातळ होऊन एका बाजूला झुकलेली असतील तर म्हातारं, मालक काहीही म्हणो.

पायांवर नखाने टिचक्या मार, खालपासून वरपर्यंत, आणि कान लावून ऐक. चांगल्या खुराचा आवाज सगळीकडे सारखा येतो. कुठे भद्द वाजलं तर तिथे आत काहीतरी लपलेलं आहे. समोरून उकिडवं बसून बघ, पुढचा आणि मागचा पाय एका रेषेत आहेत का. पुढच्या पायाच्या मुळाशी कातडीला सुरकुती पडली असेल तर ते कधीतरी तोंडावर आपटलेलं आहे.

अंगावर टांग टाकून जमिनीवर उभी राहा. दोन्ही टाचा टेकल्या पाहिजेत. ज्यावर चढायला खोका लागतो तो घोडा चौकात पुतळ्याखाली शोभतो. पोस्टमनला माझा नमस्कार सांग आणि निळी सोड.

मालकाला विचार, का विकतोस. तुझं वाक्य संपायच्या आत उत्तर आलं तर चालू लाग.

शिवाय शेण बघ, आणि जमलं तर आई बघ.

हे सगळं करून कळव. पारखीची फी घेत नाही, पण ऐकलं नाहीस तर बोलणी फुकट मिळतील.

जुमादिल मामा

---

बिश्केक, ९ जुलै

ती. मामांस, शि. सा. न. वि. वि.

मामा, तुम्ही चेटूक करता का?

काळीपाशी गेले. दात पाहिले, सगळे एका बाजूला झुकलेले, जणू वारा लागला आहे. सोन्याच्या दातवाल्याला विचारलं का विकतोस, तर मी ‘का’ म्हणताच त्याची बहीण परदेशी निघाली होती. नखाने टिचक्या मारत वर गेले. टिक, टिक, टिक, आणि सीटच्या खाली एका जागी भद्द. तिथे रंगाचा ताजा पट्टा होता. मी तिथेच कान लावून बसले, तशी बाजारातली चार माणसं जमली आणि तीही कान लावू लागली. मालकाने सायकल आत नेली आणि दुकान बंद केलं, भर दुपारी.

मग गॅरेज. तांबडीचे दात जाड आणि सरळ. आवाज सगळीकडे सारखा. सुरकुती नाही. दोन्ही टाचा टेकल्या. शेण नव्हतं, पण खाली तेलाचा एकच लहान डाग होता, तो मी वास घेऊन पाहिला. आईबद्दल विचारलं, तर गेन्नादी पेत्रोविच म्हणाले की आई इटलीत आहे, त्यांचा पत्रव्यवहार नाही. का विकता विचारलं, तर त्यांनी आधी किटली शोधली. चहा केला. दोन घोट झाल्यावर म्हणाले की जिच्यासाठी जुळवली होती तिने लग्न केलं.

किंमत ठरवायला मी, तुम्ही घोड्यांच्या बाजारात करता तसा, बाहीत हात घालून त्यांची बोटं धरली. त्यांना वाटलं मी नाडी बघते आहे, त्यांनी दुसरा हातही पुढे केला. शेवटी त्यांनीच पाच हजार सोडले. बारा वर्षांत दात बघणारं गिऱ्हाईक मी पहिलीच, म्हणे. छत्तीस हजारांत तांबडी माझी झाली. उरलेल्या दोन हजारांचं हेल्मेट घेतलं.

पारख तुमची, पाय माझे. असाच लोभ असू द्या, आणि तोरूच्या डोळ्याला औषध घाला.

चोलपोन

---

कोक-साय, १२ जुलै

चि. चोलपोन हिस, अ. उ. आ.

चेटूक नाही, चाळीस वर्षं लोकांच्या थापा ऐकल्या आहेत.

आता पुढचं. विकत घेतलेलं जनावर तसंच शर्यतीत नेणं म्हणजे दुकानातून आणलेल्या बुटांवर डोंगर चढणं. त्याची चरबी उतरवावी लागते, घाम काढावा लागतो, रात्री उघड्यावर थंडीत बांधावं लागतं. हे काम मी सोडून या खोऱ्यात कोणाला येत नाही. शिवाय पारख्याला न दाखवता त्याने निवडलेलं जनावर पळवलं, तर उद्या मला लोक विचारतील की बाबा, तू पाहिलंस तरी होतंस का.

शनिवारी मेदेरच्या ट्रकवर चढवून दे. आठ दिवस. नवव्या दिवशी परत. तोवर पावाच्या सायकलवर सराव कर, जड ओझ्याने पाय तयार होतात.

तुझ्या आईचंही हेच मत आहे. तिचं मत मी विचारलेलं नाही, पण माझी बहीण आहे, असणारच.

वाट पाहतो. तुझी नव्हे, तिची.

जुमादिल मामा

---

कोक-साय, २० जुलै

चोलपोनताईस, मेदेरचा स. न. वि. वि.

सायकल सुखरूप पोचली. कळव असं तू म्हणालीस म्हणून लिहितो, नाहीतर मी दुसऱ्यांची पत्रं वाचतो, स्वतः लिहीत नाही.

ट्रकवरून उतरवताच अख्खं कुरण गोळा झालं. नवी वस्तू पहिल्यांदा पाहिली की पाहणाऱ्याने हातावर काहीतरी ठेवायचं, ही आपली पाहणावळ, ती इथे कोणी चुकवत नाही. मामांनी सायकलपुढे चादर पसरली. तिच्यावर नऊ चीज, एक कोंबडा, मोजे, रेडिओची बॅटरी आणि साबिर म्हाताऱ्याने दिलेला एक खरा दात असं जमलं. दात कोणाचा हे त्याने सांगितलं नाही. हे सगळं तुझं, पण कोंबडा आम्ही खाल्ला.

मामांनी तिच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या. मग मागचं चाक हाताने फिरवलं आणि त्याचा टिकटिक आवाज थांबेपर्यंत डोळे मिटून उभे राहिले. मला वाटतं ताई, आठ दिवस जरा कमी पडतील.

मेदेर (दूध व टपाल)

---

कोक-साय, २ ऑगस्ट

चि. चोलपोन हिस, शारिपा मामीचे अ. उ. आ.

मी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे. लिहिते आहे यावरूनच काय ते समज.

आठवे दिवशी मी त्यांना आठवण केली. म्हणाले, चरबी आहे अजून. पोरी, सायकलला चरबी कसली? पहिले तीन दिवस तिला उपाशी ठेवली. म्हणजे काय केलं ते मलाही कळलं नाही, पण तिच्यासमोर बसून स्वतःही जेवले नाहीत. मग लोकरीचे जाड नमदे पांघरवून उन्हात उभी केली, घाम यावा म्हणून. घाम त्यांनाच आला. साखळीला तेल हवं म्हणून मेंढीच्या शेपटाची चरबी चोपडली, ती कुत्र्याने चाटून लख्ख केली, आणि आता ते कुत्रं तिला सोडून हलत नाही. तिला घोड्यांच्या रांगेत बांधतात. पांढरी घोडी आधी बुजली, आता सायकल शेजारी असल्याशिवाय दूध देत नाही.

हे सगळं मी गिळलं असतं. पण मागच्या सोमवारी मिठाच्या खड्ड्याकडे ‘जरा पाय मोकळे करायला’ म्हणून तिला नेली. पाय कोणाचे, ते मी विचारलं नाही. संध्याकाळी दोन्ही कोपरं सोलून आले आणि गप्प गप्प हसत होते. तेव्हापासून रोज जातात. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, दाढी वाऱ्यावर, उतारावरून ओरडत येतो. परवा मेंढ्या वळवायला तोरूऐवजी तीच नेली. तोरू दिवसभर पाठ फिरवून उभा होता.

मेदेरला, म्हणजे आमच्या चुलत नणंदेच्या मुलाला, मी दोनदा सांगितलं की गुपचूप ट्रकवर चढव. पण हे तिच्या चाकात पाय घालून झोपतात.

बाई गं, तुझी सायकल गेली असं समज, आणि काहीतरी कर. माझी माया तुझ्या बाजूने आहे, जागेवर मात्र मी एकटी आहे.

शारिपा मामी

---

बिश्केक, ५ ऑगस्ट

ती. मामांस, शि. सा. न. वि. वि.

आठाचे सतरा दिवस झाले. शर्यतीला एकोणीस उरले. नावनोंदणीत सायकलचा नंबर लिहावा लागला, तो मी पाठ म्हणून दाखवला, त्यांनी सायकल कुठे आहे विचारलं आणि मी डोंगरावर थंड हवेत आहे म्हणाले. त्यांना वाटलं मोठी तयारी आहे, इतर मुली घाबरल्या.

आईने तराजूवरचं फडकं काढलं, असं ऐकते. मामा, या शनिवारी पाठवा. हात जोडते.

चोलपोन

---

कोक-साय, ९ ऑगस्ट

चि. चोलपोन हिस, अ. उ. आ.

घाई पोरांना असते, पारख्याला नसते. तिची डावी कूस अजून कच्ची आहे. शिवाय चंद्र उतरतीला आहे. शिवाय पांढऱ्या घोडीच्या दुधाचा प्रश्न आहे, तो फक्त माझा नाही, साऱ्या कुरणाचा आहे. शिवाय मेदेरच्या ट्रकचा आवाज तिला सहन होत नाही.

सीट मी चार बोटं वर केली आहे. ती तिच्याच भल्यासाठी.

जुमादिल मामा

---

बिश्केक, १२ ऑगस्ट

ती. जुमादिल मामांस,
आपल्या थोरल्या बहिणीच्या मुलीचे शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मामींनी मोठ्याने वाचावं, आणि साबिर आजोबांना साक्षीला बसवावं. मेदेर, तूही ऐक, नाहीतरी वाचलं आहेसच.

मी चोवीस वर्षांची आहे. आजवर भाची म्हणून मामापाशी काहीही मागितलं नाही. पाच वर्षांची असताना तुमच्या अंगणात करडं होती, सात वर्षांची असताना चांदीचा लगाम होता, आणि गेली नऊ वर्षं तोरू आहे, ज्याला मी अजून पाहिलेलंही नाही, कारण मी आले की तो दरीत असतो. आयुष्यातलं एक मागणं मी जपून ठेवलं होतं. आज ते मागते. नाही म्हणायचा हक्क तुम्हाला नाही.

मामा, मला माझी सायकल द्या.

एवढंच. लोभाचं पुढे बघू.

चोलपोन

---

कोक-साय, १६ ऑगस्ट

चि. चोलपोन हिस, अ. उ. आ.

साबिर साक्षीला बसला होता. पत्र संपल्यावर तो म्हणाला की आपल्या खोऱ्यात आजवर भाच्यांनी मामांपाशी घोडे मागितले, बंदुका मागितल्या, एकाने विहीर मागितली. पण स्वतःचीच वस्तू मागणारी ही पहिली, आणि हिला नाही म्हणणारा मामाही पहिला होईल, बघ बाबा.

मी नाही म्हणालो नाही. सायकल ट्रकवर आहे. सीट चार बोटं खाली केली आहे. हँडलला घुबडाची पिसं बांधली आहेत, नजर लागू नये म्हणून, ती काढू नकोस. चढाला तिला लहान दात्यांवर ठेव, मैदानात मोठ्या. मागे वळून बघण्याची तिला सवय नाही, तूही लावू नकोस.

चोवीस वर्षं मी तुझ्या मागण्याला भ्यालो. तू इतक्या स्वस्तात सुटशील असं वाटलं नव्हतं. मी सुटलो असं लिहायचं होतं.

पांढऱ्या घोडीचं कसं करावं ते सुचत नाही. मी येणार नाही शर्यतीला. कामं आहेत.

जुमादिल मामा

---

बिश्केक, २७ ऑगस्ट

ती. शारिपा मामींस, शि. सा. न. वि. वि.

मामा तुम्हाला काय सांगतील ते सांगोत, मी झालं तसं लिहिते.

साठ किलोमीटरपर्यंत मी पुढच्या पाचजणींत होते. मग मोठा चढ आला. मामांनी लिहिलं होतं तसं लहान दात्यांवर टाकून चढले आणि वर चौथी पोचले. तिसरी माझ्यापुढे शंभर पावलांवर होती. उतार संपला, मैदान लागलं, आणि मला काय झालं कळेना. पाय पंख्यासारखे फिरत होते आणि सायकल जाग्यावरच. जीव तोंडाशी आला होता. डोळ्यांपुढे तराजू दिसायला लागला, मामी, खोटं नाही सांगत.

दोन किलोमीटर उरले असतील. रस्त्याच्या कडेला दुधाचा ट्रक उभा, त्याच्या मागून एक घोडा निघाला, वर मामा, आणि माझ्या बरोबरीने मातीतून दौडायला लागला. तुम्हाला माहीत आहे ना, शर्यतीत दमलेल्या घोड्याला त्याच्या माणसांनी शेवटच्या टप्प्यात गाठून शेजारून पूर्वजांची नावं ओरडत न्यायची आपली पद्धत. मला वाटलं आता मामा पूर्वजांची नावं घेणार. त्यांच्या खोगिराला दोराचं वेटोळंही होतं, मला ओढून नेण्यासाठी, दुसरं काय असणार! पण त्यांनी माझ्या चाकाकडे एकदा पाहिलं आणि सगळ्या तळ्याला ऐकू जाईल असे ओरडले, “अगं बावळट, मोठ्या दात्यांवर टाक!”

चढ संपल्यावर गिअर बदलायचाच राहिला होता. तीन आठवडे तिच्यावर बसलेल्या माणसाला तो नुसत्या आवाजावरून कळला. मी बदलला. मामी, पुढचं मला आठवत नाही. तिसरी आले, अर्ध्या चाकाने.

नंतर तासभर भांडण चाललं. चौथीच्या लोकांचं म्हणणं की बाहेरच्या वाहनाची मदत घेतली. पंचांनी नियमाचं पुस्तक काढलं, त्यात मोटार, मोटारसायकल, ट्रक सगळं होतं, घोडा नव्हता. गेन्नादी पेत्रोविच उठून म्हणाले की घोडा हे वाहन नसून प्रेक्षक आहे, आणि मोठ्याने ओरडला तो घोडा नव्हे. पंचांनी घोड्याकडे पाहिलं. घोड्याने पंचांची टोपी चावली. दोर कोणी सोडलाच नव्हता, म्हणून जागा माझी राहिली. एक तारखेपासून वसतिगृहात जाते आहे. आईने तराजू अर्ध्या किमतीला विकायला काढला आहे.

आणि मामी, तो घोडा म्हणजे तोरू. दोन्ही डोळे शाबूत, चारी पाय वाऱ्यासारखे. इतका देखणा घोडा मी जन्मात पाहिला नाही.

तुमच्या पदराची सावली अशीच असू द्या.

चोलपोन

---

कोक-साय, ६ सप्टेंबर

चि. चोलपोन हिस, अ. उ. आ.

तिसरी आलीस. तांबडी पहिली आली असती, तू चढानंतर झोपलीस. असो.

तू तोरूला पाहिलंस. पहिल्यांदा पाहिलंस. म्हणजे पाहणावळ तुझ्याकडे निघते, आणि मी ती सोडणार नाही. पैसे नकोत, तुझ्यापाशी नाहीतच. मला हवे आहेत तुझे डोळे.

मेदेरजवळ बेचाळीस हजार दिले आहेत. दर वर्षी वसंतात मी एक शिंगरू वेगळं काढून ठेवत असे. तू मागायला आलीस तर तोरूचं नाव तुझ्या तोंडी यायच्या आत ते पुढे करता यावं म्हणून. नऊ वर्षं तू मागायला आली नाहीस. यंदाचं मी विकलं. तेवढ्यात माझ्यासाठी एक सायकल बघ. जुनी चालेल. दात बघ, टिचकी मार, टाचा माझ्या लांब आहेत हे लक्षात ठेव. गेन्नादी पेत्रोविचांकडेच बघितलीस तर बरं, माणूस उत्तर द्यायला वेळ घेतो. चढाला लहान दाते भरपूर हवेत, मिठाच्या खड्ड्याची वाट आता मला दम देते. आणि मागच्या चाकाचा तो टिकटिक आवाज हवा, पांढऱ्या घोडीला दुसरं काही चालत नाही.

रंग मात्र गवतासारखा बघ, दुरून दिसणार नाही असा, दरीत लपवायला बरा. मला अजून सहा भाचे आहेत, त्यांना यातलं अक्षर कळू देऊ नकोस.

आशीर्वाद आहेत, या वेळी मनापासून.

जुमादिल मामा

ता. क. (मेदेरकडून) : पत्र वाचलं. ताई, चुलत बहिणीच्या मुलाला, म्हणजे मला, मामा मोजायला विसरले. सहा नव्हेत, सात, आणि सातव्याचं मागणं अजून बाकी आहे. रंग तांबडा बघ. वर मीच घेऊन जाणार आहे.